विश्लेषण : पॉवर सारखीच, मग रोडस्टर बाइक निवडायची कशी? टेस्ट राइडमध्ये इंजिनचा स्वभाव असा ओळखा

चार बाइक, चार ब्रोशर आणि जवळपास सारखेच आकडे. अडीच-तीन लाख रुपये खर्च करून रोडस्टर घेणाऱ्या बहुतेकांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. ४० पीएस म्हणजे ४० पीएस, मग एक बाइक ट्रॅफिकमध्ये लोण्यासारखी आणि दुसरी सतत झटके देणारी का वाटते?

याचं उत्तर मी स्वतः पैसे मोजून शिकलो. इंजिनिअरिंग संपल्यावर पहिली बाइक घेतली ती फक्त सर्वाधिक पॉवरचा आकडा बघून. टेस्ट राइड रविवारी सकाळी आठला, रिकाम्या रस्त्यावर, जेमतेम सहा मिनिटांची. सोमवारपासून सिंहगड रोडच्या गर्दीत कळलं, की या इंजिनची खरी ताकद जिथे सुरू होते तिथे मी दिवसातून एकदाही पोहोचत नाही. डावा हात क्लच दाबून दुखायचा. चौदा महिन्यांत तोट्यात विकली.

गेल्या महिन्यात मावसभावाचा फोन आला. ‘‘दादा, रोडस्टर घेतोय. सगळ्यात जास्त पॉवर कुणाची आहे?’’ तो राहतो वारज्यात, नोकरी हिंजवडीत, गाव चिपळूण. त्याला उत्तर देण्याऐवजी सोबत शोरूम फिरलो. त्या अनुभवातून आणि थोड्या गणितातून तयार झालेलं हे विश्लेषण.

रोडस्टर म्हणजे नेमकं काय?

कारच्या जगात रोडस्टर म्हणजे दोन सीटची, उघड्या छताची छोटी स्पोर्ट्स कार. माझदाची एमएक्स-५ किंवा बीएमडब्ल्यूची झेड४ ही त्याची उदाहरणं. बाइकच्या जगात रोडस्टर म्हणजे समोर फेअरिंग नसलेली, इंजिन उघडं दिसणारी, सरळ बसून चालवायची रस्त्यावरची बाइक. ती रेसिंग बाइकसारखी पुढे वाकवत नाही आणि क्रूझरसारखे पाय पुढे पसरायलाही लावत नाही.

भारतात हा प्रकार गेल्या काही वर्षांत एकदम गजबजला. रॉयल एनफिल्डची हंटर ३५० ऑगस्ट २०२२ मध्ये आली. ट्रायम्फची स्पीड ४०० जुलै २०२३ मध्ये आली आणि ती पुण्याजवळ चाकणला बजाज बनवते. केटीएमची ३९० ड्यूकही चाकणचीच. जुलै २०२४ मध्ये रॉयल एनफिल्डने गुरिल्ला ४५० आणली. सप्टेंबर २०२४ मध्ये ट्रायम्फने त्याच ३९८ सीसी इंजिनची सौम्य आवृत्ती ‘स्पीड टी४’ बाजारात उतरवली.

पॉवर आणि टॉर्क यांत फरक काय?

टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. सायकलच्या पेडलवर पाय जितक्या ताकदीने दाबता, तो टॉर्क. ते पेडल मिनिटाला किती वेळा फिरवता, ते आरपीएम. दोन्हींचा गुणाकार म्हणजे पॉवर.

म्हणजेच एखादं इंजिन कमी फिरून जास्त जोर देतं, दुसरं कमी जोर देऊन जास्त फिरतं आणि दोघांची पॉवर सारखीच भरते. ब्रोशरमध्ये दिसतं ते फक्त शिखर. ‘४० पीएस @ ८,००० आरपीएम’ याचा अर्थ ही पॉवर ८,००० आरपीएमलाच मिळते. शहरात आपण बहुतेक वेळ ३,००० ते ५,००० च्या दरम्यान असतो. तिथे इंजिन काय देतं हे ब्रोशर सांगत नाही, ते टेस्ट राइडमध्येच कळतं.

ब्रोशरच्या दोन ओळींतून स्वभाव ओळखता येतो का?

बराचसा येतो. त्यासाठी एक सोपं सूत्र आहे :

टॉर्क (एनएम) = पॉवर (पीएस) × ७,०२४ ÷ आरपीएम

कमाल पॉवरच्या ठिकाणी इंजिनकडे किती टॉर्क उरलाय, हे यातून मिळतं. तो कमाल टॉर्कच्या जवळ असेल, तर इंजिन वरपर्यंत दम टिकवतं. बराच घसरला असेल, तर त्याची मजा मधल्या टप्प्यात आहे. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा :

• हंटर ३५० : कमाल टॉर्क २७ एनएम, तोही ४,००० आरपीएमला. कमाल पॉवर सुमारे २०.५ पीएस, ६,१०० आरपीएमला. तिथे उरलेला टॉर्क सुमारे २३.६ एनएम. खालीच जोर देणारं, निवांत इंजिन.

• स्पीड टी४ : ३६ एनएम @ ५,०००, ३१ पीएस @ ७,०००. उरलेला टॉर्क सुमारे ३१ एनएम. कमाल टॉर्कपैकी ८५ टक्के २,५०० आरपीएमपासूनच मिळतो, असा कंपनीचा दावा आहे.

• स्पीड ४०० : ३७.५ एनएम @ ६,५००. ४० पीएस @ ८,०००. उरलेला टॉर्क सुमारे ३५ एनएम. मधला टप्पा भरीव, वरचाही ठीक.

• गुरिल्ला ४५० : ४० एनएम @ ५,५००, ४० पीएस @ ८,०००. उरलेला टॉर्क सुमारे ३५ एनएम. स्पीड ४०० इतकीच पॉवर, पण कमाल जोर १,००० आरपीएम आधीच हातात.

• ३९० ड्यूक (२०२३ नंतरची पिढी) : ३९ एनएम @ ६,५००, ४६ पीएस @ ८,५००. उरलेला टॉर्क सुमारे ३८ एनएम. वर जाताना जवळपास काहीच गमावत नाही. म्हणूनच ती ‘अजून पिळ, अजून पिळ’ म्हणत राहते.

एक लक्षात ठेवा. हे कंपन्यांचे आकडे इंजिनच्या क्रँकवरचे असतात, मागच्या चाकावरचे नाहीत. शिवाय दोन बिंदूंवरून पूर्ण आलेख समजत नाही. पण शोरूममध्ये जाण्याआधी कोणती बाइक कशी वागेल, याचा अंदाज बांधायला एवढं पुरतं.

सीसी सारखीच असताना इंजिनं वेगळी का वागतात?

स्पीड ४०० आणि ३९० ड्यूक ही यासाठी उत्तम जोडी आहे. दोन्ही सिंगल सिलिंडर, दोन्ही लिक्विड कूल्ड, दोन्हींचा बोअर ८९ मिमी आणि स्ट्रोक ६४ मिमी. तरीही पॉवरमध्ये ६ पीएसचा फरक आणि चालवताना त्याहून मोठा.

फरक पडतो तो पुढच्या गोष्टींमुळे :

व्हॉल्व्ह किती वेळ उघडे राहतात : जास्त वेळ उघडे ठेवले तर वरच्या आरपीएमला इंजिन मोकळा श्वास घेतं, पण खालचा जोर कमी होऊ शकतो. कमी वेळ ठेवले तर उलट.

फिरणारं वजन : क्रँक आणि फ्लायव्हील जड असेल तर इंजिन आरामात वर-खाली होतं आणि कमी वेगात सहसा बंद पडत नाही. हलकं असेल तर थ्रॉटल पिळताच आरपीएम उसळतो.

गिअरिंग : मागचं स्प्रॉकेट मोठं असेल तर पिकअप तिखट, पण हायवेवर त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं.

ईसीयूचं मॅपिंग : मनगट जितकं पिळता, तितकाच थ्रॉटल उघडतो असं नाही. राइड-बाय-वायर असलेल्या बाइकमध्ये ते सॉफ्टवेअर ठरवतं.

बोअर आणि स्ट्रोकही बघण्यासारखे असतात. हंटरचा बोअर ७२ मिमी आणि स्ट्रोक ८५.८ मिमी, म्हणजे पिस्टन अरुंद आणि धाव लांब. अशी इंजिनं बहुधा कमी फिरून जोर देण्यासाठी बनवली जातात. गुरिल्लाचे ८४ आणि ८१.५ मिमी जवळपास चौरस आहेत. स्पीड आणि ड्यूकमध्ये पिस्टन रुंद, धाव छोटी. धाव छोटी असली की इंजिनला वेगाने फिरणं सोपं जातं.

आणि स्पीड टी४ चं उदाहरण तर स्पष्टच आहे. एकच कंपनी, एकच ३९८ सीसी इंजिन. कंपनीने पॉवर ९ पीएसने कमी केली, पण कमाल टॉर्क १,५०० आरपीएम खाली आणला. कागदावर ती ‘कमजोर’ दिसते. सिग्नलवरून निघताना तशी वाटेलच असं नाही.

सिंगल की ट्विन सिलिंडर?

सिंगल सिलिंडर फोर-स्ट्रोक इंजिनमध्ये क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो. ६,००० आरपीएमला सेकंदाला ५० धक्के. बॅलन्सर शाफ्ट ते बरेच शोषून घेतो, पण वरच्या टप्प्यात थोडी थरथर हँडल आणि फूटरेस्टवर जाणवतेच.

थोडं जास्त बजेट असेल तर रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० हा ट्विन सिलिंडर पर्याय आहे. ६४८ सीसी, सुमारे ४७ पीएस आणि ५२ एनएम. तिचा क्रँक २७० अंशांचा आहे. त्यामुळे दोन स्फोटांमधलं अंतर असमान राहतं आणि आवाजाला ती ओळखीची घरघर येते. प्रवास गुळगुळीत होतो. पण वजन दोनशे किलोंच्या पुढे जातं. पार्किंगमधून रोज मागे ओढायची ती बाइक आहे, हे विसरू नका.

आपल्या रस्त्यांवर कोणता टप्पा महत्त्वाचा?

मुंबई–पुणे एक्स्प्रेस वे, समृद्धी महामार्ग, अटल सेतू, वांद्रे–वरळी सी लिंक या रस्त्यांवर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे ज्या रस्त्यांवर सलग मोठा वेग धरता येतो, तिथे आपली बाइक जाणारच नाही. चौपदरी महामार्गावरही दुचाकीची केंद्राने ठरवलेली कमाल वेगमर्यादा ८० किमी आहे. उरतात ती शहरातली गर्दी, जुना हायवे, राज्यमार्ग आणि घाट.

घाटात इंजिनचा स्वभाव सगळ्यात आधी उघडा पडतो. कुंभार्ली किंवा ताम्हिणीच्या तीव्र वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये वेग २०–२५ वर येतो, मागे माणूस आणि बॅग असते. खाली जोर देणारं इंजिन तिथून शांतपणे उचलतं. वर जगणाऱ्या इंजिनला पहिला गिअर मागावा लागतो किंवा ते ‘टक-टक’ करत कुरकुरतं. उलट, ज्याला सतत गिअर बदलत, इंजिन तापवत चालवण्यातच मजा येते, त्याला तोच घाट ड्यूकसारख्या बाइकवर जास्त आनंद देईल. यात बरोबर-चूक काही नाही, आपली आवड आपल्याला आधी माहीत हवी.

टेस्ट राइड कशी घ्यावी?

शोरूमची ठरलेली फेरी बहुधा दहा मिनिटांची असते आणि त्यात उजवीकडचे दोन मोकळे रस्ते असतात. नम्रपणे सांगा, ‘‘मला रोजच्या रस्त्यावर, रोजच्या वेळेला चालवून बघायची आहे.’’ शक्यतो आठवड्यातल्या कामाच्या दिवशी संध्याकाळी जा. सगळ्या बाइक त्याच फेरीवर चालवा. मग हे बघा :

१. बंद बाइक हलवा. सीटवर बसून पाय टेकतात का, मागे ढकलता येते का, पूर्ण हँडल वळवून फिरवता येते का? निम्मे दिवस हेच करायचं असतं.

२. रेस न देता निघा. पहिल्या गिअरमध्ये हलकेच क्लच सोडा. बाइक स्वतःच्या जोरावर रांगत पुढे गेली पाहिजे. दर वेळी हाफ क्लच लागत असेल तर ट्रॅफिकमध्ये हात दुखणार.

३. स्पीडब्रेकरनंतर दुसरा गिअर. वेग १५–२० वर आणा आणि गिअर न बदलता उचला. झटके, टक-टक जाणवते का?

४. चौथ्या गिअरमध्ये ४० ते ७०. मोकळा रस्ता बघून, खालचा गिअर न टाकता थ्रॉटल उघडा. मनात आकडे मोजा. ओव्हरटेकची खरी ताकद इथे दिसते. शून्य ते शंभरचा आकडा रोज कुणी वापरत नाही.

५. थ्रॉटल बंद-चालू. ३० च्या वेगाला मनगट सोडा, पुन्हा हळूच पिळा. बाइक हिसका देते की सलग वागते? मागे आई किंवा बायको बसणार असेल तर ही चाचणी सगळ्यात मोलाची.

६. टॉप गिअरमध्ये ८०, सलग दोन मिनिटं. जवळ हायवे असेल तरच. हँडल, फूटरेस्ट, टाकी यांपैकी कुठे थरथर येते? आरशात मागची गाडी स्पष्ट दिसते का?

७. सिग्नलवर उभे राहा. इंजिन चालू ठेवून चार-पाच मिनिटं. रेडिएटरचा फॅन सुरू झाला की गरम हवा कुठल्या पायावर येते? डिसेंबरमध्ये कळणार नाही ते एप्रिलमध्ये कळतं, म्हणून आधीच तपासा.

८. मागे माणूस बसवा. तो शोरूमचा नको, तुमच्या घरचा हवा. त्याच्याही हेल्मेटची सोय करा.

उतरल्यावर लगेच किमतीची बोलणी सुरू करू नका. बाहेर येऊन एक व्हॉइस नोट रेकॉर्ड करा. दोन दिवसांनी सगळ्या बाइक डोक्यात एकमेकींत मिसळतात.

कशावर फसू नये?

क्रमावर. आधी तिखट बाइक चालवली की नंतरची प्रत्येक बाइक मंद वाटते. म्हणून सौम्य बाइकपासून सुरुवात करा आणि शेवटी पहिली पुन्हा एकदा चालवा.

आवाजावर. शोरूममध्ये उभ्या बाइकला रेस देऊन ऐकवलेला आवाज इंजिनच्या जोराबद्दल काहीच सांगत नाही.

डेमो बाइकच्या अवस्थेवर. टायरमध्ये हवा कमी असेल तर हँडल जड वाटतं. चेन ढिली असेल तर गिअर बदलताना खडखड होते. दोष बाइकचा की देखभालीचा, हे विचारून घ्या. शक्य असेल तर त्याच मॉडेलची दुसऱ्या शोरूममधली बाइकही चालवा.

फॉर्मवरच्या बारीक अक्षरांवर. टेस्ट राइडआधी सही घेतात. अपघात झाला तर खर्च कुणाचा, विमा आहे का, हे सही करण्याआधी वाचा. लायसन्स आणि स्वतःचं हेल्मेट न्या.

३५० सीसीची रेषा का महत्त्वाची?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाइकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यावरच्या बाइकवर आधी २८ टक्के जीएसटी आणि ३ टक्के सेस होता, तो थेट ४० टक्के झाला.

उदाहरण घेऊ. कराआधीची किंमत २ लाख असेल, तर १८ टक्क्यांनी ती २ लाख ३६ हजार होते आणि ४० टक्क्यांनी २ लाख ८० हजार. फरक ४४ हजारांचा. त्यावर वाहन कर आणि विमा वेगळा. त्यामुळे ३५० आणि ४०० यांची तुलना करताना फक्त एक्स-शोरूम नाही, ऑन-रोड किंमत लेखी मागा. या रेषेमुळे कंपन्या इंजिनची क्षमता बदलण्याचाही विचार करू शकतात. म्हणून नावावर जाऊ नका, ब्रोशरवरची सीसी आणि टॉर्कची ओळ वाचा.

टाकीही बघा. गुरिल्लाची ११ लिटर, स्पीड ४०० ची १३, ड्यूकची १५. समजा लिटरला २५ किमी मिळाले, तर एका टाकीत २७५, ३२५ आणि ३७५ किमी. गावाकडच्या फेरीत हा शंभर किमीचा फरक जाणवतो.

मग कोणती घ्यावी?

रोजचा प्रवास गर्दीतला, वेगाची घाई नाही आणि बजेट आखडतं : ३५० सीसीपर्यंतचं, खाली जोर देणारं इंजिन.

आठवडाभर शहर आणि महिन्यातून एकदा घाट, मागे माणूस : ५,००० ते ६,००० च्या आत कमाल टॉर्क देणारं इंजिन, म्हणजे गुरिल्ला किंवा टी४ च्या स्वभावाचं.

थोडं सगळंच हवं : स्पीड ४०० सारखं मधलं.

पहाटेच्या रिकाम्या रस्त्यासाठीच बाइक घेताय, गिअर बदलायचा कंटाळा नाही : ड्यूक. मात्र चालवण्याचा अनुभव आणि स्वतःवर ताबा, दोन्ही हवं.

माझ्या मावसभावाचं काय झालं? फोन केला तेव्हा त्याच्या मनात ४६ पीएसवाली पक्की होती. पहिल्या रविवारी ती चालवून तो हसतच उतरला. मग बुधवारी संध्याकाळी साडेसहाला, चांदणी चौकाकडच्या गर्दीत, मावशीला मागे बसवून त्याने चारही बाइक पुन्हा चालवल्या. तिसऱ्या बाइकवरून उतरताना मावशी म्हणाली, ‘‘हिच्यावर मला तुला घट्ट धरावं लागलं नाही.’’

बुकिंग त्याच बाइकचं झालं. ब्रोशरवर तिची पॉवर चौघींत सर्वाधिक नव्हती. तीन आठवडे झाले, तो रोज हिंजवडीला जातो. डावा हात दुखतो का, असं विचारलं तर म्हणाला, ‘‘कशाने?’’